तिसरी हाक

गोंदियाहून सालेकसाकडे जाणाऱ्या सकाळच्या पॅसेंजरमध्ये तो माझ्यासमोर बसला होता. मांडीवर जुना लॅपटॉप, त्याला वायरीनं जोडलेली साबणाच्या वडीएवढी काळी डबी आणि डबीतून निघालेला मोठा हेडफोन. गाडीत असली तारांची जत्रा मांडणारे लोक मला आवडत नाहीत. पण हा डोळे मिटून डबीचं बटण केसभर पुढे न्यायचा, परत मागे आणायचा. मला राहवलं नाही.

"ही डबी कशाला?"

"अँप्लिफायर आहे भाऊ. नुसत्या लॅपटॉपवर दूरचा आवाज दबून जाते. ऐकता का?"

हेडफोन त्यानंच माझ्या कानांवर ठेवला. आधी मोहफुलं टपटप पडताना ऐकू आली, मग जवळच एका बाईचं गुणगुणणं. ते हळूहळू लांब गेलं. मग फार आतून, झाडांमागून, बाईच्या आवाजात थांबून थांबून हाका आल्या, "अवोऽ".

मी हेडफोन काढला.

"किती हाका आल्या?" त्यानं विचारलं.

"तीन."

त्याचा हात बटणावरच थांबला.

"मले दोनच येतेत. बायको मोहा वेचून राहिली होती, मी मोबाइलवर तिचं गाणं भरून घेत होतो. जंगलात भूत दोनदाच हाक मारते. म्हणून आमच्यात तिसऱ्या हाकेलेच ओ देतेत. मी तिसरीची वाट पाहत राहिलो. बायको परत आलीच नाई."

सालेकसाला तो उतरला. रुळांपलीकडच्या जंगलाकडे तोंड करून त्यानं मोठ्यानं ओ दिली.

गाडी हलेपर्यंत मी दोन्ही कान घट्ट दाबून बसलो.