अंतराळाची बातमी, शेवटपर्यंत

लग्नासाठी माझी एकच अट होती, पुढे एम.एस्सी. करू द्या. ती मी बाबांना सांगितली आणि त्यांनी ती चक्क गिळून टाकली, मुलाकडच्यांना कळूच दिली नाही. गांधीबागेच्या बाजारात कापड विकणारा माणूस गिऱ्हाइकाला ताग्यातली खोट कशाला दाखवेल?

चौऱ्याऐंशीचा एप्रिल होता. आपला माणूस दोन रशियन सोबत्यांबरोबर अंतराळस्थानकावर पोचला, आणि नेमके तेव्हाच मला पाहायला पाहुणे आले. आमच्यात मुलीला पेपर वाचायला लावत. डोळे धड आहेत का, जीभ अडखळते का, ते कळावं म्हणून. दोन ओळी वाचायच्या आणि मान खाली घालायची. बैलाचे दात बघतात, तसलाच प्रकार. मला त्याची चीड होती, आजही आहे.

मुलाच्या आत्यानं पेपर पुढे केला. पहिल्याच पानावर अंतराळाची बातमी होती. यान स्थानकाला कसं जोडलं, आतल्यांनी पाहुण्यांना कशी मिठी मारली, मी वाचू लागले.

"बस वं बाई, डोये चांगले आहेत तुये," आत्या म्हणाली.

"थोडी राहिली आहे," मी म्हटलं आणि पान उलटलं. उरलेली बातमी आत होती. दारातून आईनं डोळे वटारले. पोहे गार झाले, मुलगा पंख्याकडे बघत बसला. आपला माणूस तिथं योगासनं करणार होता, तेही मी वाचलं. मग पेपराची घडी घातली आणि विचारलं, "लग्नानंतर मले शिकू द्याल का?"

"आता शिकून काय करतं? आमच्या घरची सून कॉलेजात जात नाही," आत्यानंच उत्तर दिलं.

मी उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा निरोप आला. मुलगी पसंत आहे, जरा जास्त बोलते, तेवढं समजावा. आई देवापुढे साखर ठेवायला धावली.

"मले ते पसंत नाहीत," मी बाबांना म्हटलं.

"काहून? एवढं चांगलं घर! अन् पोरीकडून नकार गेला तर मी बाजारात तोंड कसं दाखवू?"

"तुम्हाले जमत नसेल तर मी सांगून येते."

मी खरंच निघाले होते. बाबांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "थांब. माह्या पोरीचा नकार मीच सांगतो."