आवडाबाईचं कालवणं

फुलंब्रीच्या आवडाबाईला ‘मिक्स करा’ म्हणलेलं खपत नाय. मागं कामावर एक नवा सुपरवायझर आला होता. तो म्हणला, “मावशी, जरा ते मिक्स करून घ्या.” ही फावडं टेकवून त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

“मिक्स तुझं ते गरगर फिरनारं डबडं करतं, बाबा. मी कालवते.”

फरक काय ते तिलाच विचारावं. गव्हात हरभरे मिसळले तर सूप घेऊन बसा, निवडून निघतात. दुधात पाणी मिळवतात, त्याला ती चोरी म्हणते. पण भाकर कुस्करून वरणात कालवली, की भाकर कुठली अन वरण कुठलं हे कुणालाच सांगता यायचं नाय. म्हशीपुढं सरकी-भुशाचं आंबोण कालवून ठेवायचं, सारवायला शेणमाती कालवायची, आजारी लेकराला भात मऊ कालवून भरवायचा. भ्यालं की पोटात कालवतं, तेबी तिच्या हिशेबी त्यातलंच. आत कुणीतरी हात घातल्यागत. कालवायला हात लागतो अन कालवलं ते परत निराळं होत नाय, एवढंच तिचं शास्त्र.

पंधरा वर्षं झाली, ती चुना कालवते. जुन्या कमानी, दरवाजे, हौद यांच्या डागडुजीला सिमेंट चालत नाय, दगड फुटतो. तिथं चुनाच पाहिजे. खुलताबादचा मजीद मिस्त्री ही कामं घेतो, त्याच्या चार पिढ्या ह्यातच गेल्या. तो थापी धरतो, ही कालवते. पाण्यात विझवलेला कळीचा चुना, चाळलेली वाळू, बेलफळाचं पाणी, गुळाचं पाणी, अन गिलाव्याला तडा जाऊ नये म्हणून शेळीचे केस. कामाआधी हाताला एरंडेल चोळायचं, नायतर चुना कातडं खातो. तरी खाल्लंच. तिच्या बोटांवर ठसे राहिले नाहीत. रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाय म्हणून दुकानदार दर महिन्याला कुरकुरतो.

गेल्या माघात मजीदला एका घुमटाचं काम मिळालं. खुलताबादच्या उतारावर, सडकेपासून आत, सीताफळीच्या झाडीत हा घुमट उभा हाय. चांगला दगडी, चारी बाजूंनी कमानी, पण आत कबर नाय. कुणासाठी बांधला अन तो माणूस का आला नाय, हे गावात कुणी सांगत नाय. गुराखी सावलीला बाहेर बसतात, आत जात नाहीत.

पहिल्याच दिवशी मजीदनं सगळ्यांना डोक्याला फडकं बांधायला लावलं.

“आमचे अब्बा सांगायचे, रिकामा घुमट मानूस हुंगतो,” तो म्हणला. “आवडाआपा, केस फक्त शेळीचा. जित्या मानसाचा एक केस गिलाव्यात नक्को जायला.”

“पंधरा वर्षं कालवते, मजीदभाऊ. मला नका शिकवू.”

महिनाभर काम नीट चाललं. शेवटी उत्तरेच्या भिंतीचा एक पट्टा राहिला, माणसाएवढा उंच. अन नेमके शेळीचे केस संपले. केस आणून देणारा कडुबा भाचीच्या लग्नाला वैजापूरला गेलेला, फोन उचलेना. दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारी साहेब काम बघायला येणार होता.

आवडाबाईच्या न्हाणीत खुंटीला एक पिशवी टांगलेली असायची. आमच्याकडं बायका विंचरताना निघालेले केस फेकत नाहीत. गुंता करून पिशवीत ठेवतात. भांडेवाली आली की तिला देतात, ती त्यावर स्टीलची वाटी नायतर डबा देते. त्या पिशवीत सगळे सुनेचेच केस. सून मोनिका, आठवा महिना लागलेली, कंबरेच्या खाली शेपटा जाणारी.

आवडाबाईनं मनाशी विचार केला. भांडेवाली हे केस नेते, ते कुठं जातात, कुणाच्या टकलावर बसतात, कुणाला ठाऊक? गळालेला केस म्हंजी कचरा. जित्या माणसाचा म्हणजे डोक्यावरचा. सकाळी तिनं पिशवी डब्याखाली दाबून नेली. मजीद यायच्या आत बारीक कातरून चुन्यात टाकले अन कालवले. कालवताना गोळा हाताला रोजच्यापेक्षा लवकर आला, जसा काही वाटच बघत होता. शेळीचे थोडे उरलेले सापडले असं तिनं सांगितल्यावर मजीदनं पट्टा भरला. साहेबानं भिंतीवर टिचकी मारली, फोटो काढले, अन गेला.

आठ दिवसांत सगळा गिलावा पांढरा पडला. तो पट्टा तेवढा ओला. सावळा, गार सावलीतबी घाम आल्यागत. खांद्याला रुंद, खाली निमुळता.

घरी मोनिका एक दिवस फणी दाखवायला आली. “आत्या, बघा ना. आठ दिवस झाले, एक केस गळंना.”

“मग चांगलं हाय की. गळतात म्हनून रडत होती ना?”

“फनीवर हे काय येऊ ऱ्हायलं?”

फणीच्या दातांत पांढरी भुकटी होती. आवडाबाईनं बोटानं पुसली, जिभेला लावली. जीभ पोळली. तिच्या पोटात कालवलं, पण ती म्हणली, “कोंडा असंल.”

पुढं मोनिका बसंना झाली. स्वयंपाकघरात, ओट्यावर, कुठंबी गेली की भिंतीला पाठ लावून उभी राहायची. ऋतुराज, म्हणजे आवडाबाईचा लेक, वाळूजला कंपनीत; तो पाळीवरून आला की बायकोची गंमत करायचा, “भिंत पडंल म्हनून धरून उभी हाय का?” ती हसायची नाय. म्हणायची, असं उभं राहिलं की बरं वाटतं, पाठ चिकटल्यागत. हातपाय गार पडू लागले. पोटातलं लेकरू दिवसातून एकदोनदाच हलायचं. दवाखान्यात दोनदा दाखवलं, सोनोग्राफी झाली. डॉक्टरीण म्हणली, ठोके हायेत, रिपोर्ट चांगला हाय, आराम करा.

पट्टा भरल्याच्या अठराव्या दिवशी मजीद परांचीचे बांबू सोडवायला घुमटावर गेला. आवडाबाई खाली घमेली धूत होती. त्यानं त्या पट्ट्यावर तळहात टेकवला अन चटका बसल्यागत काढून घेतला. मग परत टेकवला, डोळे मिटून, बराच वेळ. खाली उतरून तिच्यापुढं उकिडवा बसला.

“आवडाआपा, सच बोला. ह्याच्यात काय घातलं?”

ती घमेलं घासत राहिली.

“भिंत गरम हाय,” तो म्हणला. “अन आत दोन धडधडी हायेत. एक मोठी, एक बारीक.”

मग तिनं सांगितलं. तो शिवी देईल असं तिला वाटलं होतं. त्यानं दिली नाय. डोक्याचं फडकं सोडलं, परत बांधलं.

“एकवीस दिवसांत हा सुकनार. सुकला की ते दोन्ही जीव ह्या घुमटाचे झाले.”

“तर मग खरवडून काढू. मी हातानं काढते.”

“काढून कुठं टाकायचा? जिथं टाकाल तिथं सुकंल.”

तरी दोघांनी भर दुपारी तो पट्टा उतरवला. थापी लावली की गोळा आपसूक हातात यायचा, मऊ, कोमट. निघताना भिंतीतून श्वास ओढल्यागत आवाज येत होता. मजीद पुटपुटत दुवा म्हणत होता. आवडाबाई सावलीत पोतं टाकून बसली अन गोळा फोडून केस निवडू लागली. तासभर बोटं चालवली. एक केस सापडला नाय. चुन्यानं सगळे खाल्ले होते, त्यातच विरघळून गेले होते. तिनं कालवलंच तसं होतं.

“माझ्या हातचं काम,” ती म्हणली. “दुसरीनं केलं असतं तर निघाले असते.”

मजीद झाडीकडं बघत होता. तिकडं बघतच बोलला, “चुना पान्याखाली सुकत नाय. अब्बांनी एक खड्डा वीस वर्षं ठेवला होता, लोन्यासारखा होता. पन नुसता पान्याखाली ठेवला तर खाली बसून घट्ट होतो. रोज हात फिरवायला लागंल.”

“किती दिवस?”

“तुमची सून जगंल तेवढे.”

भिंतीला त्यानं दुसरा गिलावा केला. साहेबाला सांगितलं, पट्टा फुगला होता, माझ्या हातची चूक. साहेबानं पुढचं काम दुसऱ्याला दिलं. मजीदनं तिला बोलून दाखवलं नाय.

निळ्या प्लास्टिकच्या पिंपात तो गोळा घरी आला. न्हाणीमागं, पत्र्याखाली ठेवला, वर चार बोटं पाणी. त्या संध्याकाळी मोनिका भिंत सोडून खाटेवर बसली, दोन भाकरी खाल्ल्या. चैताच्या शेवटाला मुलगी झाली. आवडाबाई रोज सकाळी पदर खोचून पिंपात हात घालायची. कुणी विचारलं तर सांगायची, कामाचा चुना हाय, मुरू ऱ्हायलाय.

आषाढात तिला डेंग्यूचा ताप आला. चार दिवस दवाखान्यात सलाईनवर पडून होती. शुद्ध यायची तेव्हा एकच म्हणायची, घरी न्या. चौथ्या दिवशी ऋतुराजनं घरी आणलं तर मोनिका खाटेवर आडवी. पायाला हात लावला तर दगड. लेकरू शेजारी रडतंय अन हिला कुशीवर वळता येईना. आवडाबाई भिंत धरत धरत न्हाणीमागं गेली. चुन्यानं पाणी पिऊन टाकलं होतं, वर पापुद्रा धरला होता. तिनं तो फोडला, पाणी ओतलं, अन अंगात ताप असताना कालवत बसली. घटकेभरानं घरातून मोनिकाचा लेकराला गप करायचा आवाज आला.

अंगात ताकद राहिली नव्हती. आवडाबाईला कळलं की आता लपवून भागायचं नाय. दुसऱ्या दिवशी तिनं सुनेला पिंपाजवळ बसवलं अन सगळं सांगितलं. पिशवी, घुमट, मजीद, सगळं. माफी मागितली नाय, तिला ते जमत नाय.

मोनिका पिंपाकडं बघत ऐकत होती. मग म्हणली, “माझे केस मला विचारून घेतले असते तर दिले असते का मी?”

“नसते दिले.”

“एरंडेल कुठं हाय?”

तिनं हाताला तेल चोळलं, बांगड्या वर सारल्या अन हात बुडवला. आवडाबाई शेजारी बसून सांगत होती, खालून वर घे, मुठीत दाब, सोड. मोनिकानं तीनचार वेळा फिरवलं अन थांबली.

“आत्या, आतून कुनीतरी बोटं धरू ऱ्हायलंय.”

“धरू दे,” आवडाबाई म्हणली. “तू थांबू नको.”