सैंधवाची नस

मार्केट यार्डाच्या मागच्या एका गोदामात विजयमाला बावीस वर्षं सैंधव फोडत आली होती. कलिंगडाएवढे गुलाबी दगड तिच्यापुढं पडत. किराणावाल्यांसाठी मुठीएवढे, गुरांना चाटायला विटेएवढे, असे ती तुकडे करी. हात चालू असायचे, पण नजर कुठंतरी लांब. एखादा खडा काचेसारखा निघाला की तो उन्हाकडं धरून बघत बसायची. आत खोलीमागं खोली दिसायची, भिंतींचा रंग फिकट होत होत पार नाहीसा व्हायचा. बरोबरच्या बाया म्हणत, माला गेली गावाला.

एकदा तनया बर्वे नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका गोदामात आल्या. वर्गात दाखवायला त्यांना सपाट अंगाचे खडे हवे होते. कॉलेजात हातोडा मारून पाहिला होता, सगळा चुरा झाला. विजयमालेनं दगड फिरवला, चाचपला, छिन्नी टेकवून एकच हलका घाव घातला. दगड दुभंगला. आतली बाजू आरशासारखी.

"हे कसं कळतं तुम्हांला?" तनयाबाईंनी विचारलं.

"नस असती त्याला. नसंवर मारलं की आपणहून सुटतं."

तनयाबाई तिथंच पोत्यावर टेकल्या आणि सांगू लागल्या. सोडियमनं आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकलेला असतो. देणारा होतो धन, घेणारा ऋण. मग दोघं एकमेकांना घट्ट ओढून धरतात आणि एकाआड एक, सगळ्या बाजूंनी रांगा लावून बसतात. घाव बसला की एक थर जरासा सरकतो. धनासमोर धन येतो, ऋणासमोर ऋण. सारखे समोरासमोर आले की एकमेकांना दूर लोटतात, आणि दगड त्या रेषेवर उकलतो.

विजयमालेनं उकललेल्या बाजूवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजे मी फोडत नाय. मी नुसतं सरकवते."

पुढच्या आठवड्यात तनयाबाईंनी तिला वर्गात बोलावलं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती गेली आणि साठ मुलामुलींपुढं तिनं तसाच एक दगड उकलला. त्यानंतर बाईंनी कोरड्या खड्याला सेल आणि दिवा जोडलेल्या दोन तारा टेकवल्या. दिवा लागला नाही. चुरा पाण्यात विरघळवून तारा त्यात बुडवल्या, तर दिवा उजळला. दगडात कण जागचे हलत नाहीत, बाई म्हणाल्या, पाण्यात मोकळे होतात आणि वीज वाहून नेतात. मुलं वहीत लिहीत होती. विजयमाला त्या नितळ पाण्याकडं बघत होती. तिला वाटलं, आत एवढी माणसं चालताहेत, आणि पावलांचा आवाज नाही.

पंधरा दिवसांनी तनयाबाई एक बशी घेऊन गोदामात आल्या. त्या दिवशीचं पाणी खिडकीत सुकून तळाशी इवलेइवले ठोकळे जमले होते, काटकोनात कापल्यासारखे.

"ह्यांना कुणी सांगितलं असं बसायला?" विजयमालेनं विचारलं.

"कुणीच नाही."

विजयमालेनं बशी मांडीवर घेतली. गोदामाचे मालक शेठ येऊन पाठीशी उभे राहिले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "आज दगडांनी आपलं आपण फुटायचं ठरवलंय वाटतं."

तिनं मान वर केली नाही. सगळ्यांत लहान ठोकळा तिनं बोटावर घेतला, त्याला चारी बाजूंनी फिरवलं, आणि बाईंना विचारून पदराच्या गाठीत बांधला.