गोळीचं नाव

जोहे गावच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखणारी ती बाई दर महिन्याला एसटीने पेणला, माझ्या औषधांच्या दुकानात यायची. ही नव्वद-ब्याण्णवची गोष्ट. दम्यावरच्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट काउंटरवर ठेवून, सुजलेले गाल फुगवून म्हणायची, "बघा भाऊ, गणपती करता करता माझाच गणपती झाला!" डोळा आखताना खोकला आला की मूर्ती बाद, म्हणून गोळी ती कधी चुकवत नसे. आणि डॉक्टरची चिठ्ठी मी कधी मागत नसे.

पुढे तिच्या पाठीवरची गाठ काढायचं ठरलं. ऑपरेशन बारीकसंच, पण ती घाबरली होती. बोटांचा रंग पदराला पुशीत म्हणाली, "गोळीचं नाव कागदावर लिवून द्या ना. तिथं इचारलं तर मला सांगता येयाचं नाय."

लिहून दिलं असतं, तर चिठ्ठीशिवाय विकल्याचं उघड झालं असतं.

"कशाला उगाच? चार दिवस गोळीच बंद ठेवा, ताई," मी म्हणालो. इतक्या वर्षांची ही गोळी एकदम तोडायची नसते, तोडली तर ऑपरेशनचा ताण शरीराला झेपत नाही, हे मला माहीत होतं.

"तुमी सांगता म्हंजे बरोबरच असंल."

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी तिचा नवरा धावत दुकानात आला. "भाऊ, तिचं बीपी उतरलंय, वर येत नाय. ती कसली गोळी घ्यायची, डॉक्टर इचारतायत. तुमच्याकडनंच न्यायची ना?"

"माझ्याकडून नाही," मी म्हणालो.

तेव्हा ती जिवंत होती.