काकांनी न केलेली सही

माणसांवर डोळे मिटून विश्वास ठेवणारा आणि वस्तूंवर काडीचाही न ठेवणारा, आमच्या वर्कशॉपमधल्या इन्स्पेक्शनच्या काकांसारखा गृहस्थ साऱ्या अंधेरीत दुसरा नव्हता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मरोळला पत्र्याच्या शेडमध्ये आमचं वर्कशॉप होतं. पंचवीसेक माणसं, सात लेथ, आणि एका टोकाला काचेची छोटीशी खोली. त्या खोलीत काका बसत. लेथवरून उतरलेला प्रत्येक तुकडा, म्हणजे आमच्या भाषेत जॉब, त्यांच्या मायक्रोमीटरमधून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. कितीही घाई असो, जॉब थंड होईपर्यंत ते त्याला हात लावत नसत. "तापलेला जॉब मोजणं म्हणजे चिडलेल्या माणसाला मत विचारणं," असं म्हणून ते हाताची घडी घालत, आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत राही. कँटीनवाल्याला त्यांनी एकदा सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "मंगळवारपासून तुझा वडा तीन मिलिमीटरने खाली आलाय." बिचारा दुसऱ्या दिवशी एवढे मोठे वडे घेऊन आला की ते आतून कच्चेच राहिले. मुलीला बघायला मालवणहून मुलगा आला, तेव्हा पोह्यांच्या आधी काकांनी त्याच्या हातात एक नट आणि बोल्ट ठेवला. मुलाने तो शांतपणे, जोर न लावता बसवला. काकांनी तिथल्या तिथे होकार दिला. "आटे चुकवल्यान नाय, जबरदस्ती केल्यान नाय. पोरगो बरो आसा," एवढंच त्यांनी काकूंना सांगितलं. तो जावई तेलाच्या जहाजावर इंजिन रूममध्ये होता.

मी तिथे टायपिस्ट होते. जोगेश्वरीला काकांच्या दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, त्यामुळे बस स्टॉपपासूनच त्यांची तपासणी सुरू झालेली मला दिसे. शेठनी परदेशातल्या एका कंपनीची ऑर्डर आणली, तेव्हा काकांचं रूपच पालटलं. बोटात घालावी एवढी स्टीलची रिंग, पण मापं इतकी बारीक की ड्रॉइंग बघून आमचा लेथवरचा मुलुंडचा टर्नर मटकन खाली बसला. विमानातल्या कॅमेऱ्यासाठी आहे, असं शेठ म्हणाले होते. काकांना उभ्या जन्मात असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. नमुन्याच्या पहिल्या पन्नासातल्या एकेचाळीस रिंगा त्यांनी नापास केल्या. टर्नर चिडला, रडकुंडीला आला आणि मग हट्टाला पेटून अशा रिंगा करू लागला की काका त्या उजेडात धरून नुसते बघत बसत.

नमुने गेले, शेठनी पुढच्या तीनशे रिंगांचं काम सुरू करायला लावलं आणि महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. त्यात काकांच्या तपासणीची तोंडभर स्तुती होती. पुढच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर त्यांचंच नाव असावं, असंही लिहिलं होतं. तो परिच्छेद मी काकांना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी तो तीनदा वाचायला लावला. त्याच्या खालचा परिच्छेद मी वाचून दाखवलाच नाही. त्यात लिहिलं होतं की या रिंगा नेम धरून पडणाऱ्या बॉम्बच्या पुढच्या भागात बसतात, ते बॉम्ब एका मित्रदेशाच्या हवाई दलाला विकले आहेत आणि तिकडून तगादा आहे. त्या देशाचं नाव रोज पेपरात असे. त्याचीच विमानं तेव्हा आखातात तेलाची जहाजं शोधत फिरत होती.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. आखातात गेलेल्या जावयाचं पत्र येऊन महिना उलटला होता, मुलगी माहेरी येऊन राहिली होती, आणि काका मात्र त्या रिंगांपायी खुशीत होते. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी हसत विचारलं, "गो बाये, ह्यो कॅमेरो बघता तरी काय?" मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. कप बाजूला ठेवून काकांनी पुढची रिंग उचलली, पण ती मोजली नाही.

लगेच दुसऱ्या दिवशी कंपनीचा गोरा इंजिनीयर माल ताब्यात घ्यायला आला. काका सकाळपासून एकेक रिंग मोजत होते. तीनशे रिंगा. काचेबाहेर शेठ, टर्नर, सगळे उभे, लेथसुद्धा बंद. दुपारी शेवटची रिंग डब्यात गेली आणि मी टाइप केलेलं सर्टिफिकेट त्यांच्यापुढे ठेवलं. काकांनी पेन उघडलं आणि मला म्हणाले, "त्याला विचार, हा बॉम्ब नेमका कुठे पडतो?"

मी विचारलं. तो गोरा माणूस खूश झाला. हातवारे करत त्याने लेझर समजावून सांगितला आणि शेवटी म्हणाला, जहाजाच्या धुराड्यात टाकायचा म्हटलं तर धुराड्यातच पडेल.

"काय म्हणाला तो?"

"काका, राहू दे ना."

"बोल."

मी सांगितलं. काकांनी पेनाचं टोपण लावलं.

"काही खोट आहे का मालात?" शेठनी घाबरून विचारलं.

"नाय. सगळे जॉब बरोबर आसत."

"मग सही करा ना, काका."

"मी करूचंय नाय."

टर्नर दार ढकलून आत आला. "तुमच्या एका सहीपायी आमची सगळ्यांची वाट लावणार काय? पोरंबाळं आहेत आमची!"

काका हळूच म्हणाले, "एक जरी जॉब वाईट निघाला असता ना, तर मी सुटलो असतो रे. पण तू एकही वाईट केला नाहीस."

काका उठले, आपला जेवणाचा डबा उचलला आणि चालू लागले. त्यांना अडवायला कुणी पुढे झालं नाही.

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. "कागद तोच राहू दे. त्यांना ते नाव हवंय." मी मान हलवली. काकांच्या नावावर शेठनीच सहीसारखं काहीतरी गिरमिटलं, गोऱ्याने ते घडी करून बॅगेत ठेवलं आणि माल गेला. त्यानंतरही जात राहिला. दर खेपेला सर्टिफिकेट मीच टाइप केलं, त्याच नावाचं.

काका पुन्हा आले नाहीत. जोगेश्वरी स्टेशनजवळ त्यांनी शिलाई मशीन दुरुस्तीचं छोटंसं दुकान टाकलं. पाच महिन्यांनी मी धीर करून तिथे गेले. जावई सुखरूप परतला होता, आतल्या बाजूला बसून एका मशीनला तेल घालत होता. "ही आमच्या ऑफिसातली," काकांनी त्याला सांगितलं, "हिने मला खरं सांगितलं." मग माझ्याकडे वळून जरा संकोचाने विचारलं, "त्या कागदावरनं माझं नाव काढलंस ना गो?"

"काढलं, काका."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि फडक्याने स्टूल पुसून त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

मी बसले. त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्या दुकानात जात होते. आज सांगायचंच, असं ठरवून घरून निघायचे. पण मी दिसले की काका हातातलं काम टाकून समोरच्या हॉटेलात दोन चहा सांगायचे, आणि इतक्या आपुलकीने घरच्यांची चौकशी करायचे की माझ्याने ते बोलवत नसे. आता त्या जागी मोबाइलचं दुकान आहे, आणि ऐकायला काका नाहीत.