अठरावं पुस्तक

तीस पुस्तकांच्या त्या यादीतलं अठरावं पुस्तक कुणीही लिहिलेलं नव्हतं. त्याचं नाव मी उभ्या उभ्या रचलं आणि एका बाईने ते तीन वर्षं शोधलं. ती शोधत होती हे मला रोज दिसत होतं.

तेव्हा आम्ही ऐरोलीच्या गावठाणात भाड्याने राहत होतो. मी जवळच्याच एका बॅक-ऑफिसमध्ये नोकरीला. घरमालकीण खालच्या मजल्यावर, वर आम्ही भाडेकरू. त्यांना आम्ही सगळे ताई म्हणायचो. दहावी शिकलेल्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांचे वडील मागच्या गल्लीत मुलाकडे राहायचे, पण दिवसभर ताईंच्या ओट्यावर बसलेले असायचे. ऐंशी ओलांडलेली, जन्मभर मिठागरात राबलेली व्यक्ती.

माझे दोन लेख दिवाळी अंकांत छापून आले होते. तेवढ्या भांडवलावर मी बिल्डिंगचा लेखक होतो. कुणी 'काय वाचू?' विचारलं की मी व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवायचो: 'लिहिणाऱ्यांनी वाचायलाच हवीत अशी पुस्तकं'. एकोणतीस पुस्तकं होती. त्यातली दहा-बारा मी स्वतःच वाचली नव्हती, दुसऱ्यांच्या याद्यांतून उचलली होती.

एका रविवारी सकाळी ताई चार फुलस्केप पानं घेऊन वर आल्या.

"भाऊ, जरा बगा. पन हसू नका हां."

मी चहा पिता पिता वाचायला लागलो आणि चहा तसाच राहिला. वडिलांच्या मिठागराबद्दल लिहिलं होतं. दुधावर साय धरावी तशी पाण्यावर मिठाची साय धरते, वारा सुटला की ती फुटते, आणि त्या क्षणी काठावरची सगळी माणसं बोलायची थांबतात, असं एक वाक्य होतं. मी पंधरा वर्षं लिहीत होतो. असं एक वाक्य माझ्या हातून उतरलं नव्हतं. हसू तर आलं नाहीच. जे आलं त्याला हेवा म्हणतात.

"चांगलं आहे," मी म्हणालो. "पण यावर एक जुनं पुस्तक आहे. मिठागरांवरच. आधी ते वाचा, नाहीतर लोक म्हणतील तेच पुन्हा लिहिलं."

"नाव काय त्याचा?"

"'मीठ पिकवणाऱ्यांची कैफियत'."

तोंडातून बाहेर पडेपर्यंत ते नाव मलाही माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडेल आणि विषय मिटेल. झालं उलटंच.

"बाय! म्हंजे आमच्या लोकांवर पुस्तक हाय? मना म्हाईतच नवता!" त्यांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. "भाऊ, मना ती यादी द्या तुमची. त्यात हा पन टाका. सगली वाचते, मंगच लिवते."

मी टाकलं. शेवटी घातलं असतं तर उठून दिसलं असतं, म्हणून मधे अठराव्या जागी घातलं. इतका विचार मी तेव्हा केला, हे सांगितल्याशिवाय ही कबुली पुरी होत नाही.

ताईंनी खरोखर वाचायला सुरुवात केली. गावठाणाबाहेरच्या सेक्टरमधल्या वाचनालयात नाव घातलं. दुपारी जेवणं आटोपली की ओट्यावर पुस्तक उघडायचं, वडिलांना अधूनमधून मोठ्याने वाचून दाखवायचं. जिन्यात मला गाठून मत द्यायच्या.

एका डॉक्टरांच्या आत्मचरित्राबद्दल म्हणाल्या, "मानूस हुशार हाय, पन सोतालाच लय आवडतो."

एका गाजलेल्या कादंबरीबद्दल म्हणाल्या, "दोनशे पानं नदीकाठी बसलाय. मासा कोनता मिलतो, एकदा तरी बोलला का?" मग एकदम विचारलं, "तुमाला सातवा कसा वाटला?"

सातवं मी वाचलं नव्हतं. "सवडीने बोलू," म्हणून सटकलो आणि त्याच संध्याकाळी सातवं पुस्तक आणलं. पकडले जाण्याच्या भीतीने मी माझीच यादी वाचायला घेतली. पुढे भीती गेली आणि गोडी लागली. पण अठरा नंबर आला की मी विषय बदलायचो.

सेक्टरच्या वाचनालयात ते नव्हतं. वाशीत नव्हतं, ठाण्यात नव्हतं. दादरच्या फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्यांनी मान हलवली. तुर्भ्याला रद्दीचं एक गोदाम आहे, तिथे पुस्तकं पोत्यांनी येतात असं कुणीतरी सांगितलं. ताई तिथे डबा घेऊन गेल्या आणि दोन दिवस गठ्ठे उपसत बसल्या.

"अहो, तुम्ही कुठे वाचलंत ते?" माझ्या बायकोने एकदा सरळ विचारलं. "त्यांना पत्ता तरी द्या."

"कॉलेजच्या लायब्ररीत," मी म्हणालो. हे दुसरं खोटं. खरं बोलायच्या अशा चार-पाच संधी आल्या आणि प्रत्येक वेळी 'आता फार उशीर झाला' असं मी स्वतःला सांगितलं. पहिल्या आठवड्यातसुद्धा मला उशीरच झालेला वाटत होता.

तिसऱ्या वर्षी ताई तीन जाडजूड वह्या घेऊन वर आल्या.

"एकोनतीस झाली भाऊ. अटरावा काय गावत नाय. पन गावला तर पटकन ताडून बगता यावा, म्हनून लिवून ठेवलाय. जरा नजर टाका."

प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकच ओळ होती: 'अठरामध्ये हे आहे का बघणे.' आणि त्याखाली सगळं मिठागर होतं. उधाणाचं पाणी कधी आत घ्यायचं. वाफ्याची जमीन पायांनी कशी मळायची आणि ती तयार झाली हे तळव्यांना कसं कळतं. चिरलेल्या टाचांत आई कोणतं तेल भरायची. उन्हात पांढऱ्या ढिगाकडे बघून बघून डोळे गेलेल्या एका काकूची हकिगत. जिथे भराव पडला तिथे कुणाचा वाफा होता, कुणाचं लग्न कोणत्या बांधावर ठरलं. वडिलांना विचारून विचारून, आठवून आठवून लिहिलेलं. ज्या पुस्तकाशी ताडून बघायचं होतं ते कधीच नव्हतं, आणि ते माझ्या हातात होतं.

'अठराव्यासाठी आता थांबू नका' असं ताईंना समजावून सोमवारी मी त्या वह्या वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंकडे नेल्या. त्या आठवडाभर फोन उचलेनात. मग त्यांचाच आला. "हे कुणाला छापायला देऊ नका," त्या म्हणाल्या. "आम्ही छापणार." वाचनालयाच्या वाचक मंडळाने पहिल्याच बैठकीत होकार दिला. त्या दिवशी मी ऑफिसात कारण नसताना सगळ्यांना चहा पाजला.

मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच पानावर ताईंनी लिहिलं होतं: 'अठराव्या पुस्तकाच्या लेखकाचे आभार. ते मला मिळालं नाही, पण ते आहे म्हणून मी एवढं आठवलं.'

ते पान मी तीनदा वाचलं आणि खाली गेलो. ताई ओट्यावर कोलंबी सोलत होत्या. शेजारी वडील.

"ताई, अठरावं पुस्तक नाहीये."

"म्हाईत हाय. मिलतच नाय कुटं."

"तसं नाही. ते कधी नव्हतंच. मी रचलं."

त्यांचे हात थांबले. "का?"

"तुमची चार पानं माझ्या सगळ्या लिखाणापेक्षा चांगली होती."

हातातली कोलंबी त्यांनी सोलून ताटात टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुर्ब्याला दोन दिस बसले मी, पोत्यांवर. धुलीनं महिनाभर खोकत व्हते. तुमीच मना खोकल्याची गोली आनून दिलीव."

मी ओट्याच्या पायरीवर बसलो.

"काय बोलतो त्यो?" वडिलांनी विचारलं.

"काय नाय बाबा. ज्यो पुस्तक मी सोधत व्हते ना, तो लिवायचाच राहिला व्हता."

म्हातारबांनी क्षणभर विचार केला. "मंग? आता झाला ना लिवून?"

ताईंनी वडिलांकडे बघितलं, आणि पहिल्यांदा हसल्या. अगदी पोट धरून. डोळे कोपराने पुसत म्हणाल्या, "झाला बाबा. झाला." मग माझ्याकडे वळल्या. हसू गेलं होतं. "आबाराचा पान काडा. त्या जागी तुमी लिवा. काय केला ते सगला. छापून येव दे."

प्रकाशनाला वाचनालयाचा हॉल भरून माणसं जिन्यापर्यंत उभी होती. गावातल्या बाया, सेक्टरमधली आयटीवाली मुलं-मुली, सगळे. ताई वाचत असताना वडील मधेच पहिल्या रांगेतून ओरडले, "पानी कवा आत घ्यायचा ते सांगितलंस का?" "पुढच्या पानावर हाय, बाबा, दम धरा!" आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. आणलेल्या सगळ्या प्रती तिथेच संपल्या. दाराजवळच्या फलकावर ग्रंथपाल बाईंनी तीस पुस्तकांची यादी लावली होती, प्रत्येक नावापुढे ताईंचा एका ओळीचा शेरा. अठराव्या जागी त्यांचं स्वतःचं पुस्तक. त्यापुढे शेरा नव्हता. तीसही पुस्तकं आता मी वाचलेली आहेत.

पुस्तकाच्या नावात 'कैफियत' शब्द ताईंनी ठेवला नाही. "आमी काय तक्रार घेऊन आलोय का?" म्हणाल्या. पण पहिलं पान माझं आहे. ते असं:

'या पुस्तकाच्या लेखिकेला मी सांगितलं होतं की त्यांचा विषय आधीच कुणीतरी लिहून ठेवला आहे. ते खोटं होतं. त्यांची चार पानं वाचून मला हेवा वाटला म्हणून मी ते बोललो, आणि त्या शोधत राहिल्या तेव्हा गप्प बसलो. हे पुस्तक माझ्यामुळे झालेलं नाही, माझ्यामुळे लांबलं. ताई, मला माफ करा.'