कंडेन्सरचं कुंकू

दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी साचत जातात. लोकांनी परत न नेलेल्या वस्तू, आणि किस्से. वस्तू निदान भंगारात तरी घालता येतात, किश्श्यांचं काय करायचं सांगा! कामशेतला भाऊंच्या दुकानात मी वीस वर्षं सोल्डरिंग करतेय, त्यातले हे थोडे.

*

इंदुरीची एक मावशी टीव्ही घेऊन आली. भाऊंनी उघडून दाखवलं, "ह्यो कंडेन्सर फुगलाय बगा. डोस्कं वर आलंय."

मावशी वाकून बघत म्हणाली, "अगं बया! ह्येलाबी ग्यास झालाय व्हय?"

तेव्हापासून आमच्याकडे कंडेन्सर खराब होत नाही, त्याला गॅस होतो.

*

उर्श्याच्या एका भंगारवाल्याकडून भाऊंनी जुना पॉवर सप्लाय आणला. टेबलावर ठेवून हवे तेवढे व्होल्ट काढायचं मशीन. बटण दाबलं की काटा बारावर जायचा आणि तिथे थरथरत बसायचा. आतले चारही कंडेन्सर फुगलेले.

मी म्हटलं, "द्या इकडे, तासाभरात बदलते."

"हात लावायचा न्हाई," भाऊ म्हणाले. वर्षभर त्यांचा उजवा हात कापतोय. "ह्ये माज्या हातानं चालू झालं तर दुकानात बसीन. न्हाई झालं तर चावी तुला, मी आपला गावाकडं, कान्ह्याला घरी."

मला चावी नको होती. भाऊ समोर नसले तर मी भांडू कुणाशी?

*

जुना कंडेन्सर काढण्याआधी भाऊ प्लसच्या भोकाशी लाल पेनाने ठिपका देतात. उलटा बसला तर फुटतो म्हणून. बोर्डावर छापलेलं कितीही स्वच्छ असो, ठिपका हवाच. मी एकदा म्हटलं, "भाऊ, छापलंय की तिथे!"

"छापणारा काय माजा पावना हाय?"

ह्या पॉवर सप्लायच्या बोर्डावरचं छापलेलं मात्र केव्हाच उडालं होतं. भाऊंनी चार ठिपके दिले, चारही कंडेन्सर काढले आणि नवे आणायला पुण्याला गेले.

*

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी सगळं दुकान पुसलं, टेबलावरच्या बोर्डासकट. हत्यारं मांडली, हळद-कुंकू वाहिलं, मीटरला, सोल्डरिंग गनला, त्या उघड्या बोर्डालाही. बोट टेकलं तिथे कुंकू!

दसऱ्याची सुट्टी झाली. भाऊंनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून चारही कंडेन्सर बसवले. दोन तास लागले. बटण दाबलं.

फाट्! धूर, घाण वास. मोठा कंडेन्सर उलटा बसला होता.

भाऊंनी प्लग काढला, चष्मा काढला, खिशातली चावी माझ्यासमोर ठेवली. "हात गेलावता. आता डोळंबी गेलं."

माझी नजर बोर्डावर गेली. पुसताना मोठ्या कंडेन्सरचा त्यांचा ठिपका मी पुसून टाकला होता, आणि त्याच्या बरोबर समोर, मायनसशी, माझं कुंकू!

गप्प बसले असते तर दुकान माझं होतं. "भाऊ," मी म्हटलं, "तो ठिपका तुमचा नाही. पूजेचा आहे."

त्यांनी बोट घासलं. बोट लाल झालं. मला वाटलं, आता शिव्या पडणार. पडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हंजी मी ठिपक्यापरमानंच बसवला व्हता?"

"अगदी बरोबर."

भाऊंनी चष्मा घातला. फ्यूज बदलला, मीटर लावून प्लस पुन्हा शोधला, जास्तीचा आणलेला कंडेन्सर बसवला. मी मधे हात घातला नाही. कसं राहवलं, माझं मला माहीत! बटण दाबलं. काटा बारावर गेला आणि तिथेच स्थिर राहिला.

इतक्यात एक जण मिक्सर घेऊन दारात आला. आधी भाऊंच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काम कोण करणार? भाऊ का ताई?"

भाऊंनी चावी उचलून खिशात टाकली.

"ताई पूजा करती. काम मी करतो!"